शंभर रुपयांचा नोटरी, साडेतीन लाखांचा नोटरी

पत्र (थोडं आटोपशीर करून) :

"मी चोपडा तालुक्यातला निवृत्त मुख्याध्यापक. मुलगा सहा वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. सूनही तिथेच नोकरी करते. मुलगी धुळ्याला दिली आहे. आता मुलगा तिथे 3,60,000 युरोंचा जुना फ्लॅट घेतोय. फ्लॅटच्या किमतीला बँक कर्ज देतेय, पण वरखर्चाचे 38,000 युरो आपल्याच खिशातून भरावे लागतात म्हणतो. माझी तीन एकर वडिलोपार्जित बागायत आहे, केळी लावतो. त्यातली दीड एकर काढा आणि 38 लाख पाठवा, असा त्याचा आग्रह आहे. एवढा वरखर्च कसला, म्हणून विचारलं तर म्हणतो, 'नोटरी असतो बाबा इथे, त्याच्याशिवाय होत नाही.' आमच्या चोपड्याला कोर्टाबाहेर शंभर-दोनशे रुपयांत नोटरी होते. मुलगा फसवला जात नाही ना? त्या नोटरीशी काही घासाघीस होईल का? आमची सौ. रोज विचारते, 'इतला पैसा जास कोठे?' मला उत्तर देता येत नाही."

गुरुजी,

ताईंचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा नेमका आहे, म्हणून आधी त्यांनाच उत्तर देतो. त्या 38,000 युरोंपैकी 18,000 जातात सरकारला. 12,852 जातात दलालाला. राहिलेल्या सातेक हजारांत नोटरी आणि तिथलं जमिनीचं दफ्तर अशी दोघांची वाटणी आहे, आणि त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त हिस्सा नोटरीचा, आपल्या भाषेत साडेतीनेक लाख रुपये. म्हणजे ज्याच्या नावाने तुम्ही महिनाभर बोटं मोडताय, त्याच्या ताटात सरकार आणि दलालापेक्षा कितीतरी कमी पडतंय.

हिशेब सोपा आहे. जर्मनीत घर विकत घेणाऱ्याला हस्तांतरण कर भरावा लागतो, आपल्या स्टॅम्प ड्यूटीचाच तो भाऊ. दर प्रत्येक राज्य आपापला ठरवतं. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या बाजूला, साडेतीन टक्के, बर्लिनमध्ये सहा, कोलोन-ड्युसेलडॉर्फच्या राज्यात साडेसहा. स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं तिथे पाच. 3,60,000 चे पाच टक्के, 18,000. मुलाची नोकरी म्युनिकला असती तर यात 5,400 युरो वाचले असते, पण तिथल्या फ्लॅटच्या किमती ऐकल्यावर तुम्ही पत्र लिहिण्याऐवजी अंथरूण धरलं असतं. आणि पाच टक्के म्हणजे लूट असं वाटत असेल तर जळगाव शहरात फ्लॅट घेणाऱ्याला विचारा. पाच टक्के मुद्रांक, वर एक टक्का स्थानिक संस्थेचा, शिवाय नोंदणी फी. सरकार इथून तिथून सारखंच.

दलालाचे तीन टक्के आणि त्यावर 19 टक्के व्हॅट, म्हणून 3.57. घर विकणाऱ्यालाही साधारण तेवढेच द्यावे लागतात. 2020 च्या डिसेंबरपासून तिथे कायदाच आहे की दलाल विकणाऱ्याने लावला असेल तर घेणाऱ्यावर निम्म्याहून जास्त दलाली टाकता येत नाही. त्याआधी कित्येक ठिकाणी सगळी घेणाऱ्याच्याच डोक्यावर बसायची.

नोटरी आणि नोंदणी दोन्ही मिळून किमतीच्या दीड ते दोन टक्के होतात. तुमच्या मुलाने दोन टक्के धरलेत, 7,200. प्रत्यक्षात थोडे कमीच लागतील. पोराने हिशेब बरोबर केलाय, सांगताना फक्त सगळ्याला 'नोटरी' म्हणून मोकळा झाला. मुलं आईबापाला परदेशातल्या गोष्टी अशाच सांगतात, एका शब्दात, व्हिडिओ कॉलवर, भाजी हलवता हलवता.

आता त्या नोटरीबद्दल. आपला नोटरी आणि त्यांचा नोटरी यांच्यात नावापलीकडे फारसं काही सारखं नाही. आपला नोटरी 1952 च्या कायद्याने नेमलेला वकील. कागदावर सही करणारा माणूस तोच आहे, माझ्यासमोर सही केली, एवढं तो सांगतो. कागदात काय लिहिलंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल, रजिस्टर, लाल गोल स्टिकर, शिक्का, 'आधारची झेरॉक्स आणली का?' आणि झालं. त्या कामाचे शंभर-दोनशे रुपये रास्तच आहेत. अमेरिकेतला नोटरीही याच जातीचा.

जर्मनीतला नोटरी सरकारने नेमलेला, पण कुणाच्याच बाजूचा नसलेला कायदेपंडित असतो. घराचा किंवा जमिनीचा सौदा त्याच्यासमोर झाला नसेल तर कायद्याच्या लेखी तो सौदाच नाही. तोंडी शब्द, सौदापावती, व्हॉट्सअॅपवर ठरलेला भाव, सगळं शून्य. करारनामा तोच तयार करतो. जमिनीचं दफ्तर तोच तपासतो. पैसे कधी द्यायचे हे तोच कळवतो आणि नाव चढवून घेण्याचं कामही तोच करतो. म्हणजे आपल्याकडचा दस्त लिहिणारा, सर्च रिपोर्ट काढणारा वकील, दुय्यम निबंधकाच्या टेबलावरचं काम आणि तलाठ्याकडच्या चकरा, हे सगळं एका खुर्चीत.

घासाघीस होणार नाही. त्याची फी कायद्यातल्या तक्त्याने ठरते, सौद्याच्या रकमेवर. स्टुटगार्टचा नोटरी महाग म्हणून शेजारच्या गावात गेलात तरी आकडा तोच येणार. सूट द्यायचीच त्याला मनाई आहे. 'माझ्या ओळखीचा आहे, कमी करतो' असं कुणी सांगितलं तर त्या माणसापासून लांब राहायला मुलाला सांगा.

मी बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली बरीच परकीय चलनाच्या टेबलावर, त्यामुळे असले कागद पुष्कळ पाहिले होते. पण नोटरीसमोर घराची खरेदी होताना प्रत्यक्ष पाहिली ती भाचीच्या वेळी. उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो, म्हणाली, मामा, चला. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, बशीत बिस्किटं. एका बाजूला विकणारं म्हातारं जोडपं, दुसऱ्या बाजूला भाची-जावई, आणि डोक्याशी नोटरी. त्याने करार उघडला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, पहिल्या शब्दापासून. एका सुरात, न थांबता, भरभर. पारायणाला बसलेला जुना वाचक पोथी वाचतो ना, अगदी तसं. मला वाटलं, दोन पानं वाचून थांबेल. दीड तास वाचत होता. कायदाच तसा आहे, संपूर्ण करार दोघांच्या कानावर पडलाच पाहिजे. जावयाचं जर्मन कच्चं, म्हणून शेजारी दुभाषी बसवला होता. नोटरीनेच आधी जावयाला दोन प्रश्न विचारून भाषा जोखली आणि दुभाष्याशिवाय चालणार नाही म्हणून सांगितलं होतं. त्या दुभाष्याचे पैसे वेगळे. तुमच्या मुलाच्या हिशेबात ते दिसत नाहीत. सुनेचं नाव लागणार असेल आणि तिची भाषा तेवढी पक्की नसेल तर काहीशे युरो त्यासाठी बाजूला ठेवा.

तर वाचन चालू असताना, तळघरातल्या खोलीपाशी आल्यावर म्हातारबुवांनी हात वर केला. तिथे इमारतीत प्रत्येक फ्लॅटला खाली तळघरात एक अडगळीची खोली असते. करारात खोली क्रमांक 9 लिहिलं होतं, ते म्हणाले आमची तर 7 आहे. नोटरी थांबला. नकाशा काढला, दोघांना दाखवला, कागदावर दुरुस्ती केली, तेवढा भाग पुन्हा वाचला आणि पुढे निघाला. पाच मिनिटांचं काम. आपल्याकडे गट नंबरातला एक आकडा चुकला म्हणून चूक दुरुस्ती पत्रासाठी भावाभावांना वर्ष वर्ष हेलपाटे घालताना मी पाहिलंय. त्या दिवसापासून नोटरीच्या बिलाबद्दल माझी तक्रार मिटली.

दफ्तराचंही दोन शब्दांत सांगतो, कारण तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला ते लगेच समजेल. तिथल्या दफ्तराला ग्रुंडबुख म्हणतात. आपल्या सातबाऱ्यासारखेच त्याचे भाग : एकात मालक कोण, दुसऱ्यात वाटेचे, वहिवाटीचे वगैरे हक्क, तिसऱ्यात बँकेचा बोजा. फरक एकच, पण मोठा. आपला सातबारा हा महसुलाचा कागद, मालकीचा निर्विवाद पुरावा नव्हे, म्हणून तर आपण तीस वर्षांचा सर्च काढत बसतो. तिथे दफ्तरात जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवून घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. नोटरीसमोर सही झाली की तो आधी दफ्तरात तुमच्या मुलाच्या नावाने एक आगाऊ नोंद घालतो. ती पडली की विकणाऱ्याने तेच घर मागून दुसऱ्याला विकलं किंवा त्यावर कर्ज काढलं तरी तुमच्या मुलाचा हक्क बुडत नाही. एकच प्लॉट तिघांना विकल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यावर हा इलाज.

म्हणून पैशाचा क्रमही उलटा आहे, आणि इथे मुलाला जपायला सांगा. आपल्याकडे आधी इसार, मग खरेदीखत. तिथे सहीच्या दिवशी कुणी कुणाला पैसे देत नाही. सही होते, आगाऊ नोंद पडते, जुन्या मालकाच्या बँकेचं कर्ज फिटण्याची व्यवस्था होते, मग नोटरीचं पत्र येतं की आता रक्कम द्या. तेव्हा मुलाची बँक पैसे सोडते. दरम्यान कर खात्याची नोटीस येते, ती आल्यापासून महिन्याभरात 18,000 भरायचे. ते भरल्याचा दाखला कर खातं नोटरीला पाठवतं, आणि त्या दाखल्याशिवाय मालक म्हणून नाव चढत नाही. तेव्हा सहीच्या आधी कुणी 'घर राखून ठेवायला' पैसे मागत असेल तर द्यायचे नाहीत. दलालांनी अशी परत न मिळणारी राखीव फी छापील अटींमध्ये घालून घेण्याची पद्धत तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने 2023 मध्ये मोडून काढली आहे. आणि रोखीचं नावच नको. 1 एप्रिल 2023 पासून जर्मनीत घराची किंमत रोख, सोनं किंवा क्रिप्टोत चुकवायला बंदी आहे. निम्मे वरचे, निम्मे खालचे, हा आपला खेळ तिथे नाही.

विकणारा व्यावसायिक असेल तर कराराचा मसुदा सहीच्या दोन आठवडे आधी हातात मिळाला पाहिजे, असाही नियम आहे. खाजगी मालक असेल तरी तेवढा वेळ मागून घ्यावा. मुलाने ते दोन आठवडे वापरावेत. पतीपत्नीपैकी कुणी त्या दिवशी भारतात असेल तर चोपड्याच्या नोटरीचं मुखत्यारपत्र तिथे चालेल असं समजू नका. त्यासाठी मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासात जाऊन सही करावी लागते.

बँक वरखर्चाला कर्ज का देत नाही, हेही तुम्हाला खटकलंय. बँकवाल्याच्या बाजूने पाहा. उद्या हप्ते थकले आणि बँकेने घर विकलं तर घराची किंमत तिच्या हाती येईल. पण भरलेला कर आणि दलाली कुणी परत देणार नाही. तो पैसा सहीच्या दिवशीच हवेत गेलेला असतो, भिंतीत त्यातली एक वीटही नसते. म्हणून बँका म्हणतात, हा भाग तुमच्या बचतीतून आणा. म्हणजे पोराला कुणी फसवत नाहीये. तो तुमच्याकडे बचत मागतोय, एवढंच, आणि ती तुमच्या जमिनीत आहे.

घासाघीस करायचीच असेल तर दलालाशी आणि मालकाशी करा. दलालीचा दर कायद्याने बांधलेला नाही, रूढीने चालतो. मालकाकडून थेट घर मिळालं तर 12,852 चा प्रश्नच मिटतो. वर्तमानपत्रात, ऑफिसात, तिथल्या महाराष्ट्र मंडळात शब्द टाकून ठेवायला सांगा. आपली माणसं लग्नाचं स्थळ शोधताना जेवढी चौकशी करतात त्याच्या चौथा हिस्सा केली तरी पुरे.

(दुबईच्या नादी लागलेल्या दोन-तीन वाचकांची पत्रं याच आठवड्यात आली आहेत, त्यांच्यासाठी एवढंच : तिथे नोंदणीचे 4 टक्के आणि एजंटचे साधारण 2 टक्के, वर व्हॅट. फ्रान्सला जुनं घर घ्याल तर 'नोटरीचा खर्च' म्हणून सात-आठ टक्के सांगतात, त्यातला बहुतेक सरकारी कर असतो, नोटरी तो फक्त गोळा करतो. नाव नोटरीचं, पोट सरकारचं.)

आता तुमच्या बाजूचं, कारण खरी गळती इथेच होऊ शकते. इथून परदेशात पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची एक सवलत योजना आहे, दर माणशी दर आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत. मुलाला भेट म्हणून रक्कम त्यातून जाते. मर्यादेची तुम्हाला काळजी नाही. काळजी आहे ती टीसीएसची. 1 एप्रिल 2025 पासून एका वर्षात 10 लाखांच्या वर जेवढी रक्कम पाठवाल तिच्यावर, शिक्षण-उपचार सोडून इतर कारणांसाठी, बँक 20 टक्के आगाऊ कर कापून घेते. युरो शंभर रुपये धरू. तुम्ही एकट्याने 38 लाख पाठवले तर वरच्या 28 लाखांवर 5,60,000 रुपये बँकेला जास्तीचे द्यावे लागतील. बुडणार नाहीत, विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील, पण कित्येक महिने अडकतील. आणि तेवढ्यासाठी तुम्ही आणखी एक पट्टा विकायला निघाल.

त्यावर सरळ उपाय आहे. ही 10 लाखांची मर्यादा माणसागणिक आणि वर्षागणिक आहे. निम्मी रक्कम ताईंच्या खात्यात टाका. त्यांचा पॅन, त्यांचं खातं, त्यांची सही. मार्च संपायच्या आत दोघांनी साडेनऊ-साडेनऊ लाख पाठवा, एप्रिल लागल्यावर पुन्हा तेवढेच. चार वेळा साडेनऊ म्हणजे 38 लाख, आणि टीसीएस शून्य. यात लपवाछपवी काही नाही. मुलाने नोटरीची तारीख फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतली तर हे आपोआप जमतं, कारण कराची नोटीस त्यानंतरच येते.

फॉर्मवर उद्देश 'भेट' असाच लिहा आणि भेटीचं साधं पत्र करून ठेवा. माझ्याच घरात एकदा हा घोळ झाला. भाचीला बहिणीने पैसे पाठवले, तेव्हा शाखेतल्या पोराने उद्देशाच्या रकान्यात 'कुटुंबाचा उदरनिर्वाह' टाकलं. तिकडच्या बँकेने विचारलं, उदरनिर्वाहाचे पैसे घराच्या खात्यात कसे आले? पैसा कुठला, जमीन कुणाची, विक्रीचा कागद दाखवा. खरेदीखताचं जर्मन भाषांतर करून देण्यात तीन आठवडे गेले. बँकेचं नाव सांगत नाही, मी स्वतः बँकवाला, आपलेच दात.

आणि युरोचा दर फोनवर नुसता ऐकून घेऊ नका, दोन बँकांकडून लेखी घ्या. एका युरोमागे एक रुपया जास्त लागला तर 38,000 रुपये गेले. तुमच्या कोर्टाबाहेरच्या नोटरीची तेवढ्यात आयुष्यभराची कामं झाली असती.

भारतात मुलाला दिलेल्या भेटीवर कर नाही. जर्मनीत आईबापांकडून मुलाला दहा वर्षांत प्रत्येकी 4,00,000 युरोंपर्यंत माफ आहे. पण भेट मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्याने तिथल्या कर खात्याला कळवायचं असतं, ते विसरू नये. फ्लॅटवर स्वतःचं नाव लावून घ्यायचा मोह मात्र आवरा. नाव लागलं की दरवर्षी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवावी लागते, आणि राहिली तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याचा दंड 10 लाखांचा आहे. घर मुलाचं, नाव मुलाचं.

राहिली जमीन. शेत चोपडा नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या बाहेर असेल तर आयकराच्या दृष्टीने ती ग्रामीण शेतजमीन, विक्रीच्या नफ्यावर कर नाही. आत असेल तर आधी सीएला भेटा.

पण विकायचीच का? तुम्ही पत्रात बारा ओळी नोटरीवर लिहिल्यात आणि मुलीवर एक : 'धुळ्याला दिली आहे.' जमीन वडिलोपार्जित आहे असं तुम्हीच लिहिलंय. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा वाटा लेकाइतकाच, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा म्हणून पक्का केला. घेणाऱ्याचा वकील शहाणा असेल तर तिची सही मागणारच. ती दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायरीवर मागण्यापेक्षा आधी घरात बसून विचारा. ती नाही म्हणणार नाही, आपल्याकडच्या लेकी बहुतेक वेळा म्हणत नाहीत, आणि नेमकं म्हणूनच विचारायचं. तिच्या नावाने काही रक्कम बाजूला ठेवायची असेल तर तेही त्याच बैठकीत ठरवा.

दुसरं, दीड एकर म्हणजे नेमकी कोणती? विहीर कोणत्या निम्म्यात येते? ठिबकची मेन लाइन, मोटरीचं मीटर, ट्रॅक्टर जायची वाट? विहीर तिकडे गेली तर राहिलेली दीड एकर केळीची राहत नाही, कोरडवाहू होते. तेव्हा तुमचं नुकसान 38 लाखांत मोजता येणार नाही.

माझं मत विचाराल तर दीड एकर काढू नका. दोघं कमावते आहेत, सहा वर्षं तिथे आहेत. वरखर्चातला निम्मा भाग त्यांनी उभा करावा, वर्षभर थांबावं लागलं तरी थांबावं. तुम्ही द्यायचेच असतील तर कराचे 18,000 युरो द्या, म्हणजे 18 लाख. तुम्ही आणि ताई मिळून नऊ-नऊ लाख, एकाच वर्षात, टीसीएसशिवाय. त्यासाठी निवृत्तीच्या ठेवींना हात लावावा की अर्धा-पाऊण एकर काढावी हे तुम्ही ठरवा. विहीर राखून, आणि लेकीच्या सहीने.

मुलाला एक प्रश्न मात्र स्पष्ट विचारा : या घरात किती वर्षं राहणार? तीन वर्षांत नोकरी बदलून दुसऱ्या शहरात जायचं असेल तर 38,000 युरो तीन वर्षांत वाटले जातात, वर्षाला साडेबारा हजारांहून जास्त. तेवढ्यात भाडंच बरं. दहा वर्षं राहिला तर तेच वर्षाला 3,800. त्याच्या मनातला हा आकडा कळल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

आणि ताईंना सांगा, पुढच्या कॉलवर त्यांनी एक गोष्ट विचारायची : फ्लॅटमध्ये ओटा आहे का? हसू नका. जर्मनीत घर सोडताना कित्येक जण ओटा, कपाटं, सिंक, शेगडी, सगळं स्वयंपाकघर उचलून नेतात. नव्या माणसाला मिळतात चार भिंती आणि नळाचा पाइप. नवं स्वयंपाकघर बसवायला काही हजार युरो लागतात आणि मुलाच्या 38,000 मध्ये ते धरलेले दिसत नाहीत. जुना मालक ओटा ठेवून जाणार असेल तर त्याची रास्त किंमत करारात वेगळी लिहून घ्यायची, कारण हस्तांतरण कर घरावर असतो, सुट्या सामानावर नाही. समजा 8,000 युरोंचं स्वयंपाकघर वेगळं दाखवलं, तर पाच टक्क्यांनी 400 युरो वाचतात. नोटरीला सांगितलं की तो ती ओळ घालतो, आणि मग तीही मोठ्याने वाचतो.